फ्लॉरेन्सला निघण्याआधी

पांडुरंगा, ऐक. तिसऱ्या पाळीची माणसं कंपनीत गेली, त्र्यंबक रोड शांत झाला, घर झोपलं. बॅग दाराशी भरून ठेवली आहे. तुझ्याशी बोलायला हीच वेळ बरी.

तू मला इटलीला नेतो आहेस. तिकीट लेकीनं काढलं, पण नेणारा तू. सातपूरच्या एमआयडीसीत लेथवर उभं राहून जन्म गेला माझा. ज्येष्ठात निवृत्तिनाथांची पालखी आली की चार पावलं तिच्यामागं चालायचं, एवढाच माझा प्रवास. आणि आता एकदम फ्लॉरेन्स. देवा, भीती वाटते रे. विमानाची नाही. तिथं आजोबा भेटतील, त्याची.

सांभाळ मला.

त्यांना तू माझ्यापेक्षा जास्त ओळखतोस. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीतला शिपाईगडी. बेळगावला कवायत शिकला आणि १९४४ च्या उन्हाळ्यात फ्लॉरेन्सच्या वेशीपर्यंत जाऊन पोचला. पुढच्या वर्षी, ९ एप्रिलला, सेनिओ नदीवर निमजच्या नामदेव जाधवांनी दोन जखमी सोबत्यांना एकामागून एक गोळ्यांच्या माऱ्यातून पाण्यापार आणलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि मिळायलाच हवा होता. माझ्या आजोबांना घरी परत येणं मिळालं. तुझे उपकार, देवा. ते आले म्हणून माझा बाप जन्मला, मी जन्मलो, लेक जन्मली. तुझे उपकार. किती वेळा म्हणू?

लढाईचं ते चकार शब्द बोलत नसत. सांगायचे ती एकच गोष्ट. एका जुन्या गढीत भिंतींना टेकवून ठेवलेली चित्रं होती, माणसाहून उंच. त्यातल्या एकात संत्र्यांची बाग आणि बागेत बायका. एक फुलं उधळत चाललेली. “एवढ्या मोठ्या घरच्या बाया, आणि पायात काही नाही,” असं म्हणून ते खुदकन हसायचे. आम्हाला वाटे, म्हाताऱ्याला स्वप्न पडलं असेल. पण गढी खरी निघाली. शहराच्या नैर्ऋत्येला मोन्तेगुफोनी. उफ्फिझी संग्रहालयातली चित्रं लढाईपासून वाचावीत म्हणून तिथं नेऊन ठेवली होती. मराठा पलटण तिथं शिरली आणि तिनं चित्रांवर पहारा बसवला. ते बागेचं चित्र बोत्तिचेल्लीचं, ‘प्रिमावेरा’ म्हणतात त्याला. आजोबा स्वतः पहाऱ्यावर होते की सोबत्यानं सांगितलेलं आम्हाला सांगत होते, ते तुलाच ठाऊक. जगभरची माणसं ज्यापुढं आज रांगा लावतात, त्यापाशी आपली माणसं बंदूक खांद्याला लावून उभी राहिली, आणि कुणाचं नाव म्हणून कुठं नाही. तुझ्या वहीत असेल ना?

असू दे, देवा. तुझ्या वहीत असू दे.

एक मात्र तुला विचारायचं आहे. सर्वपित्रीला सगळ्यांची पानं वाढून झाली की आजोबा आणखी एक पान वाढायला लावत. भात, वरण, खीर, वड्याचा तुकडा, काही राहू देत नसत. हे कुणाचं, म्हणून आजीनं विचारलं तर म्हणत, “असंच.” तो सोबती होता का रे? की समोरच्या बाजूचा कुणी जर्मन पोरगा, आजोबांच्याच गोळीनं पडलेला? मी न्याय करणारा कोण? मला एवढंच कळतं की म्हातारा ते पान मरेपर्यंत विसरला नाही. जो कोणी असेल त्याला तुझ्या पायाशी जागा दे. आजोबांच्या हातांना क्षमा कर. त्या हातांनी मला चालायला शिकवलं.

क्षमा कर, विठ्ठला.

त्या गावात आपलं आणखी एक माणूस आहे. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज. विलायतेहून परतताना फ्लॉरेन्समध्ये मुक्कामाला थांबले आणि ३० नोव्हेंबर १८७० ला तिथंच गेले. वय २०. अर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांची चिता रचली. पुढं १८७४ मध्ये तिथं छत्री उभी राहिली. कोल्हापूरचा नवा राजवाडा ज्या मँटनं आखला, त्याचीच ती छत्री. जवळच्या पुलालाही लोक ‘इंडियानो’चा पूल म्हणतात. रामकुंडावर कितीदा उभा राहिलो मी, आपल्या माणसांच्या अस्थी पाण्यात सोडताना. म्हणून विचार येतो, त्या पोरासाठी परक्यांनी नदीकाठ मोकळा करून दिला, त्यांचं भलं कर. ते तुला कोणत्या का नावानं हाक मारत असेनात.

मी फार लहान माणूस आहे. मला इतिहास येत नाही, इटालियन येत नाही, लेकीसारखं झरझर चालता येत नाही. जर्मनांनी माघार घेताना उडवला नाही असा एकच जुना पूल तिथं आहे, त्यावर फोटो काढायचा म्हणते ती. काढू दे तिला. मला मात्र त्या चित्रापुढं नीट उभं राहू दे. गर्दी असेल, घटकाभर पुरे. गुडघ्यांना बळ दे. वहाणा काढायचा हात पुढं झाला तर तिथला रखवालदार ओरडू नये, एवढं बघ.

घरी आईचं औषध वेळेवर होऊ दे. आणि तिथं मला रडू आलंच, तर लेकीला घाबरू देऊ नकोस. तिनं आजोबांना पाहिलेलं नाही. सांगायचं सगळं मलाच आहे. तेवढा आवाज माझ्या गळ्यात राहू दे, विठूराया.