खोटा शेरा

मी शिक्षक नाही. सूतगिरणीत रिंग खात्यात कामगार आहे. तरी दरवर्षी एप्रिल संपत आला की माझ्या हातात निकालपत्रक येतं. माझी चुलत बहीण, आमची आक्का, हातकणंगले तालुक्यातल्या एका दोनशिक्षकी शाळेत बाई आहे. पहिली ते चौथी. माझं अक्षर बरं, म्हणून रेघा मारायला, बेरजा ताळून बघायला ती मला बसवते. दुसरी पाळी करून मी रात्री बारानंतर घरी येतो. तेव्हा आक्का कंदिलाच्या काळातल्यासारखी वाकून लिहीत असते. दिवा विजेचा आहे एवढंच.

लोक म्हणतात, मास्तरांचं बरं, परीक्षा झाली की सुट्टी. दोस्तांनो, एकदा जवळून बघा. सकाळची शाळा, म्हंजे साताच्या आत हजर. पोरं उन्हाच्या आधी घरी जातात, बाई जात नाही. पोषण आहाराच्या तांदळाची शिल्लक जुळवायची. चौथीच्या पोरांचे शाळा सोडल्याचे दाखले लिहायचे. पुढच्या वर्षी पहिलीला कोण येणार, त्यासाठी दारोदार फिरायचं. कारण पट घसरला की संचमान्यतेत पद जातं नि शिक्षक अतिरिक्त ठरतो. मोबाइलवर माहिती भरायची ती वेगळीच. शिक्षण हक्क कायद्याचं २७ वं कलम सांगतं, शिक्षकाला शाळेबाहेरची कामं लावू नका. पण जनगणना, आपत्ती नि निवडणूक सोडून. २०२५ साली तर सगळ्या राज्याला एकच वेळापत्रक लावलं. परीक्षा २५ एप्रिलपर्यंत लांबली नि निकाल १ मेला द्यायचा होता. मधल्या पाच दिवसांत पेपर तपासा, गुण भरा, श्रेण्या काढा, शेरे लिहा.

मी सांगतोय ती त्या पाच दिवसांतल्या एका रात्रीची गोष्ट.

प्रगतिपुस्तकात गुणांशिवाय नोंदी असतात. विशेष प्रगती, आवड-छंद, सुधारणा आवश्यक. या नोंदींच्या तयार याद्या मोबाइलवर फिरतात. त्यातून एकेक वाक्य उचलायचं नि पोरापुढं डकवायचं. मी वाचून दाखवत होतो, आक्का लिहीत होती. चौथीच्या एका पोराशी तिचं पेन थांबलं. बाप वीटभट्टीवर, आई शेतावर मजुरीला. पोरगं आपल्याच वस्तीतलं. त्याला जोडाक्षर वाचता येत नाही. ‘शाळा’ वाचतो, ‘प्रश्न’ आला की गप्प बसतो.

‘‘काय लिहू रं?’’ आक्का म्हणाली.

‘‘जे हाय ते लिही.’’

‘‘तुला काय जातंय म्हणायला!’’ ती चिडली. ‘‘वर्षभर झाडांना पाणी त्यानं घातलं. एक दिस शाळा चुकवली न्हाई. पोरगं गुणाचं हाय. त्याच्या बापाला म्हटलं ह्याला वाचता येत न्हाई, तर तो म्हणंल, मग कशाला शाळा? चल भट्टीवर. आन् वरनं साहेब मलाच इचारणार, बाई, तुम्ही वर्षभर काय केलं?’’

नि तिनं यादीतलं वाक्य लिहिलं: समजपूर्वक वाचन करतो. श्रेणी टाकली ‘ड’. ‘ड’ म्हंजे ३३ ते ४० टक्के. त्याच्या खाली ‘इ’ आहे, पण ‘इ’ मधल्या पोराला जादा शिकवून ‘ड’ पर्यंत आणावं असा नियम आहे. शिकवून आणायला वेळ नसतो. म्हणून पेनानं आणतात.

ते वाक्य वाचून माझ्या पोटात कळ आली. कारण तेच वाक्य माझ्याही प्रगतिपुस्तकात होतं.

मी अकरा वर्षांचा असताना, १ एप्रिल २०१० ला, शिक्षण हक्क कायदा लागू झाला. त्याच्या १६ व्या कलमात होतं, आठवीपर्यंत कुणाला मागं ठेवायचं नाही. मला दरवर्षी पुढं ढकलत गेले. कुणी मारलं नाही, कुणी जात काढली नाही. गुरुजी भले होते. पाठीवर हात ठेवून ‘शाब्बास’ म्हणायचे. २०१३ साली आठवी पास झालो तेव्हा मला पेपरातली बातमी सलग वाचता येत नव्हती. नववीला भिंत लागली. नापास झालो. घरच्यांना नि मलाही वाटलं, आपलंच डोकं खडक. शाळा सुटली.

पुढं एका ठेकेदाराकडं अकरा महिने राबलो. सुटताना त्यानं कागद पुढं केला. मी सही केली. सही मला झोकदार येते, शाळेत तेवढी घोटून घेतली होती. कागदावर लिहिलं होतं, माझा सगळा हिशेब मिळाला, माझं काही येणं नाही. माझा दीड महिन्याचा पगार राहिला होता. माझ्याच हातानं मी तो सोडला. आता सांगा, तो दीड महिन्याचा पगार कुणी खाल्ला? ठेकेदारानं, हे उघड आहे. पण ‘समजपूर्वक वाचन करतो’ हे लिहिणाऱ्या भल्या माणसाचं त्यात काहीच नाही?

हाच प्रश्न आहे. दयेपोटी लिहिलेलं खोटं ही दया की दगा?

दार बंद करणाऱ्यांशी कसं लढायचं हे आपल्याला शिकवलेलं आहे. ७ नोव्हेंबर १९०० ला बाबासाहेबांचं नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झालं. त्या काळात त्यांना वर्गात वेगळं बसावं लागे, तरटाचं बसकर घरून न्यावं लागे, शिपायानं नळ सोडल्याशिवाय पाणी मिळत नसे. तिथं शत्रू डोळ्यांना दिसत होता. त्याच्याही आधी, १८८२ साली, जोतिरावांनी हंटर आयोगापुढं मागणी केली होती की शिक्षक शेतकऱ्यांत मिसळणारा असावा, नांगराला हात लावायची त्याला लाज वाटू नये. आमची आक्का तशीच आहे. सुट्टीत भांगलणीला जाणारी, त्याच वस्तीत वाढलेली. म्हणून तर प्रश्न अवघड होतो. परक्यानं दार लावलं तर लाथ घालता येते. आपल्याच माणसानं मायेनं खोटं लिहिलं तर काय करायचं?

इथं मेरिटवाले लगेच आनंदानं उड्या मारतील. म्हणतील, बघा, तुमचाच माणूस सांगतोय, नापास करा! थांबा, साहेब. मी तुमच्या बाजूनं बोलत नाही. तुमची नापासाची चाळणी आम्ही बघितली आहे. आमच्या आईबापांची अर्धी पिढी त्या चाळणीतून भट्टीवर नि उसाच्या फडावर पडली. नापास हा शेरा पोराला काही शिकवत नाही, फक्त घालवून देतो. २०१९ साली केंद्रानं कायदा बदलला. २०२३ साली महाराष्ट्रानं पाचवी नि आठवीला वार्षिक परीक्षा आणली. नापास झाला तर जादा मार्गदर्शन, दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षा, तीही गेली तर त्याच वर्गात. कागदावर ठीक वाटतं. पण त्या दोन महिन्यांत मे महिना येतो. तेव्हा शाळेला कुलूप असतं नि भट्टीवरचं पोरगं विटा उलटत असतं. त्याला जादा मार्गदर्शन कोण करणार?

म्हंजे एका बाजूला खोटं बोलून पुढं ढकलणं, दुसऱ्या बाजूला खरं बोलून हाकलणं. दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे. शेरा लिहिणारा लिहून मोकळा होतो.

आमच्या गिरणीत ३० नंबरच्या सुताचा कोन चुकून ४० च्या पेटीत गेला तर इथं कुणाला कळत नाही. पेटीवर शिक्का बसतो, माल जातो. कापड विणून रंगवून आलं की त्यावर पट्टा उठतो. मग मजुरी कुणाची कापतात? विणकराची. खोटा शेरा लिहिणाऱ्याच्या खात्यात फुटत नाही, पुढच्या खात्यात फुटतो. आक्काचा ‘ड’ पाचवीत फुटणार होता, नवख्या शाळेत, तिच्यामागं.

मज्झिमनिकायात अभयराजकुमार सुत्त आहे. राजकुमार बुद्धाला अडचणीत आणायला आलेला असतो. विचारतो, तुम्ही दुसऱ्याला न आवडणारं बोलता का? त्याच्या मांडीवर तान्हं लेकरू असतं. बुद्ध विचारतात, तुझ्या किंवा दाईच्या दुर्लक्षामुळं ह्यानं काटकी नाहीतर खडा तोंडात घातला तर तू काय करशील? राजकुमार म्हणतो, डोकं धरून बोट वाकडं करून काढीन, रक्त आलं तरी काढीन. का? तर लेकराची करुणा येते म्हणून. बुद्ध म्हणतात, माझं बोलणंही तसंच. खरं असेल, हिताचं असेल, तर कडू असलं तरी वेळ बघून बोलतो.

मी हे सुत्त आक्काला त्याच रात्री सांगितलं. मला त्यात दोन गोष्टी दिसतात. एक, खडा गेला तो मोठ्यांच्या दुर्लक्षामुळं, लेकराचा दोष नाही. दुसरी, लेकरू मांडीवर आहे. लांब उभं राहून काठीनं कुणी खडा काढत नाही. कडू बोलायचा अधिकार त्यालाच, ज्यानं लेकरू मांडीवर घेतलंय नि रक्त पुसायला जो थांबणार आहे.

मला वाचायला शिकवलं ते विहारातल्या एका म्हाताऱ्या काकांनी. बंद पडलेल्या गिरणीतले कामगार. रोज पेपर पुढं ठेवायचे. मी अडखळलो की म्हणायचे, ‘‘चुकलं. परत.’’ दोन हिवाळे. ‘शाब्बास’ एकदा म्हणाले नाहीत. पण एक दिवस उठून गेले नाहीत. आज मी कविता लिहितो ती त्या ‘चुकलं’ वर उभी आहे.

आणि आपलं काय, कार्यकर्त्यांनो? आपल्या कविसंमेलनात बंडल कविता झाली तरी आपण टाळ्या वाजवतो, आपला माणूस म्हणून. अभ्यासवर्गात पोरगा पाठ केलेलं बोलला तरी ‘क्रांतिकारी भाषण’ म्हणतो. तोही ‘ड’ च आहे. आपण एकमेकांना याद्यांतली वाक्यं वाटतो नि बाहेरच्या जगात तो माणूस एकटा तोंडघशी पडतो.

त्या रात्री आक्का बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘‘श्रेणी तीच ऱ्हाऊ दे.’’ वाक्य मात्र तिनं खोडलं, खाली सही केली, नि सुधारणा आवश्यकच्या ओळीत यादीत नसलेलं वाक्य लिहिलं: जोडाक्षरे वाचता येत नाहीत. रोज अर्धा तास शेजारी बसून वाचून घ्यावे, मूल पटकन शिकते. १ मेला तिनं बापाला बोलावून ते मोठ्यानं वाचून दाखवलं. म्हणाली, ‘‘ह्यात चूक माझी हाय, पोराची न्हाई. त्याला भट्टीवर न्यायचं न्हाई.’’ बाप काही बोलला नाही. मान हलवली.

शेजारी बसायचं काम माझ्याकडं आलं. मे महिना, विहारात, पाळीला जायच्या आधी दुपारी. पोरगं चार दिवस आलं. ‘प्रश्न’ वाचला, ‘पुस्तक’ वाचलं, ‘स्वच्छ’ला अडलं. पाचव्या दिवशी आलं नाही. सहाव्या दिवशी मी सायकल काढून भट्टीवर गेलो. ते विटा उलटत होतं. मी सावलीला बसलो, बापाची जेवणाची सुट्टी होईस्तोवर थांबलो, नि तिथंच पुस्तक उघडलं.

पुढं काय झालं ते सांगत नाही, अजून चालू आहे. तुमच्या वस्तीतही एप्रिलात प्रगतिपुस्तकं येतील. ती हातात घेऊन बघा. ‘समजपूर्वक वाचन करतो’ असं दिसलं की पोराला जवळ बसवा नि एक पान वाचायला लावा. अडखळलं तर चिडू नका, शाब्बासही म्हणू नका. म्हणा, चुकलं. परत. नि उठून जाऊ नका.

जय भीम.