संगमरवरी क्रेफिश: एक की अनेक?

प्रजाती निसर्गात खरोखरच असतात, की वर्गीकरणाच्या सोयीसाठी माणसानेच त्या ठरवलेल्या असतात, हा तत्त्वज्ञानातला जुना वाद आहे. संगमरवरी क्रेफिशमुळे त्याला अलीकडे नवे वळण मिळाले. क्रेफिश हा शेवंडाचा गोड्या पाण्यातला नातलग. भारतात तो मूळचा नाही. 1990 च्या दशकात जर्मनीतल्या हौशी मंडळींच्या मत्स्यटाक्यांत त्याचा एक चट्टेदार प्रकार दिसू लागला. टाकीत एकच मादी ठेवली तरी पिलांचा सुळसुळाट व्हायचा. या प्रकारात सगळ्या माद्याच असतात आणि त्यांची अंडी नराशिवाय वाढतात, हे 2003 मध्ये जाहीर झाले. प्रत्येक पिलू जनुकांच्या दृष्टीने आईची नक्कल असते.

हा प्राणी आला कुठून, याचा माग मायटोकाँड्रियाच्या डीएनएवरून लागला. प्राण्यांमध्ये या डीएनएत साधारणपणे 37 जनुके असतात आणि तो बहुतेक वेळा फक्त आईकडून येतो. संगमरवरी क्रेफिशचे जर्मनीतल्या टाक्यांतले, तिथल्या तळ्यातले आणि थेट मादागास्करमधले नमुने ताडून पाहिले, तर या डीएनएत एका अक्षराचाही फरक नव्हता. सर्वांत जवळचा आप्त निघाला फ्लोरिडा आणि दक्षिण जॉर्जियातला प्रोकॅम्बेरस फॅलॅक्स.

मातृकुळाच्या या नोंदीत पहिल्या मादीचा बाप मात्र दिसत नाही. त्यासाठी पेशीकेंद्रातला जीनोम वाचावा लागला. 2018 मध्ये तो प्रसिद्ध झाला, तेव्हा गुणसूत्रांचे तीन संच आढळले. दोन जवळपास सारखे, तिसरा वेगळा. म्हणजे एकाच प्रजातीतल्या दूरच्या दोन प्राण्यांचा संयोग झाला असावा आणि एका जननपेशीतला संच दुप्पट राहिला असावा.

मग ही नवी प्रजाती मानायची का? जीवशास्त्रज्ञ एर्न्स्ट मायरच्या 1942 च्या व्याख्येनुसार आपसात प्रजनन करणारा समूह म्हणजे प्रजाती. ही व्याख्या इथे लावली, तर एकेक मादी ही स्वतंत्र प्रजाती ठरेल, नाहीतर प्रजाती असे काही उरणारच नाही. तरीही 2017 मध्ये या प्राण्याला प्रोकॅम्बेरस व्हर्जिनॅलिस असे स्वतंत्र नाव मिळाले. जीवशास्त्रज्ञ मायकेल गिसेलिन आणि तत्त्वज्ञ डेव्हिड हल यांनी 1970 च्या दशकात मांडलेला विचार इथे अधिक उपयोगी आहे: प्रजाती हा समान गुणांचा वर्ग नसून जन्म, विस्तार आणि अंत असलेली एकच ऐतिहासिक वस्तू आहे. संगमरवरी क्रेफिशला तर जन्म आहे, वंश आहे, पसाराही आहे.

न्याय-वैशेषिक परंपरेतून पाहिले तर अडचण उलट्या बाजूने येते. या मतात गायींमधले गोत्व हे सामान्य, म्हणजे अनेक व्यक्तींत राहणारे एकच तत्त्व. दहाव्या शतकातल्या उदयनाचार्यांनी सामान्य मानण्यातल्या बाधा सांगितल्या, त्यांतली पहिली म्हणजे व्यक्ती एकच असणे. आकाश एकच आहे, म्हणून आकाशत्व हे सामान्य नव्हे. आता लक्षावधी क्रेफिश एकाच मादीचा विस्तार असतील, तर त्यांना अनेक म्हणायचे कशाच्या बळावर?

केवळ जनुके मोजली, तर या प्रश्नाला उत्तर नाही. पण प्रयोगशाळेत एकाच वेळी जन्मलेल्या, एकच खाद्य खाऊन सारख्याच परिस्थितीत वाढलेल्या बहिणींमध्येही पाठीवरची नक्षी, वाढीचा वेग, आयुर्मान आणि वागणूक वेगवेगळी आढळली. एक मेली तरी दुसरी जगते. नैयायिकाला अनेकत्व मान्य व्हायला एवढे पुरेसे आहे, कारण त्याच्या लेखी दोन घट तंतोतंत सारखे असले तरी दोनच असतात. आकाशाचा दाखला म्हणूनच इथे लागू पडत नाही.

प्रजातीची सीमा मात्र त्यातून ठरत नाही. पेशीकेंद्रातल्या जीनोममध्ये तुरळक फरक साचू लागले आहेत आणि पुढे मायटोकाँड्रियातही ते पडतील. तेव्हा वंशवृक्षाला फांद्या फुटतील. त्यांतली कोणती फांदी वेगळी प्रजाती म्हणायची, हा निर्णय त्या डीएनएत लिहिलेला नसेल. तो वर्गीकरण करणाऱ्यालाच घ्यावा लागेल.