निद्रिस्त संकट आणि मनुष्याचा विवेक

डोके दुखते म्हणून शहरातील दवाखान्यात मेंदूचे चित्र काढावे आणि भलतेच काही सापडावे, असे आता घडू लागले आहे. एका धमनीची भिंत अशक्त होऊन तिला फुगवटा आलेला असतो. शंभर प्रौढांत सुमारे तिघांना तो असतो. बहुतेकांचा जन्मभर फुटत नाही, परंतु फुटला तर मृत्यूचे किंवा पांगळेपणाचे भय मोठे. ज्याला काल ठाऊकही नव्हते त्याने आज काय करावे?

उपाय निघाला आहे. मांडीतून किंवा मनगटातून बारीक नळी सारून तारांनी विणलेली जाळी मेंदूच्या धमनीपर्यंत नेतात. तेथे सोडताच ती उमलून धमनीस आतून अस्तरासारखी बसते. पाटाच्या काठी खळगा असावा व प्रवाह सरळ वळवावा, म्हणजे खळग्यातील पाणी संथ होऊन गाळ बसतो. तसे फुगवट्यातील रक्त थिजते. ‘पाइपलाइन’ नामक अशा जाळीस अमेरिकेत २०११ साली सरकारी मान्यता मिळाली. तिच्या परीक्षेचे आकडे २०१३ साली प्रसिद्ध झाले: मोठ्या व अवघड अशा १०६ फुगवट्यांपैकी ७८ सहा महिन्यांत पुरते बंद झाले, परंतु १०७ रोग्यांपैकी ६ जणांस मेंदूचा मोठा झटका किंवा मृत्यू आला.

हे सहाजण आमच्या मनातून जात नाहीत. त्यांनी जाळी घातली नसती तर काय झाले असते, हे कोणास सांगता येईल?

मंडळीत अशा वेळी एक बंधू म्हणतो, आपले दिवस देवाने मोजले आहेत, डोक्यात तार कशाला? दुसरा म्हणतो, उपाय नाकारणे म्हणजे देवाची परीक्षा पाहणे. आम्हांस दोघेही उतावीळ वाटतात. हिज्कीयाची प्रार्थना ऐकली गेल्यावरही यशयाने त्याच्या गळवावर अंजिरांची ढेप बांधावयास सांगितलेच. तेव्हा औषध हा अविश्वास नव्हे. परंतु ते गळू प्रत्यक्ष दुखत होते. येथे कदाचित कधीच न येणाऱ्या संकटासाठी आजचा धोका पत्करावयाचा आहे. बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असे प्रभूने सांगितले. तो हिशेब ज्याच्या डोक्याचा आहे त्यानेच करावा. सत्तर वर्षांच्या आजीचा लहानसा फुगवटा आणि चाळिशीतल्या बापाचा मोठा, ह्यांचा हिशेब एक कसा येईल? आजीने नाही म्हटले तर तिला भित्री म्हणू नये, व बापाने होय म्हटले तर त्याला अविश्वासी म्हणू नये.

बिडी सोडणे व रक्ताचा दाब ताब्यात ठेवणे, ह्याविषयी मात्र फार विवेक चालविण्याचे कारण नाही. बिडीने व वाढलेल्या दाबाने फुगवटा फुटण्याचे भय वाढते. आणि जो जाळी घालून घेईल त्याला रक्त पातळ ठेवणारी औषधे कित्येक महिने चुकवून चालणार नाही. ती गावी कोठून मिळतील, हे दवाखाना सोडण्यापूर्वीच विचारून घ्यावे.