वर ठेवणे

दिल्लीच्या सरकारी वसाहतींत ज्यांना अगदी वरच्या मजल्यावर घर मिळाले आहे, त्यांना दुछत्ती म्हणजे काय हे सांगावयास नको. न्हाणीघराच्या माथ्यावर, छताला लागून जी ठेंगणी पोकळी सोडलेली असते, तिला इकडे हे नाव आहे. आपण मराठी माणसे सवयीने तिला माळाच म्हणतो. परंतु नाव एक असले तरी वस्तू एक नव्हे. आपल्याकडील कौलारू घराचा माळा श्वास घेत असे. कौलांच्या फटींतून वारा खेळे, खालच्या चुलीचा धूर वर जाऊन किडीला दूर ठेवी, आणि बियाण्यासाठी राखलेली कणसे तेथे सुखरूप राहत. दुछत्तीच्या डोक्यावर सिमेंटचा स्लॅब असतो. तो दिवसभर ऊन पितो व रात्रभर ते खाली सोडतो. २०२४ च्या मे महिन्याच्या अखेरीस सफदरजंग वेधशाळेत पारा ४६.८ अंशांवर गेला होता. स्लॅबखालच्या कोंदट पोकळीत तो कोठवर चढला असेल, याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

अशा जागी काय ठेवावे हा प्रश्न प्रथमदर्शनी निव्वळ गृहकृत्याचा वाटतो, आणि त्याचा बराचसा भाग तसा आहेही. पितळी घंगाळ, तांब्याचा बंब, लोखंडी कॉट यांना उन्हाचे काहीच वाटत नाही. होळीनंतर गुंडाळलेल्या रजया कोरड्या उष्णतेत चांगल्या राहतात. औषधे, मेणबत्त्या, रंगाचे डबे वर चढवू नयेत, हे कोणीही सांगेल. अडचण उरते ती कागदांची, छायाचित्रांची आणि ध्वनिफितींची. लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदात आम्ल असते व उष्णता त्याच्या कामाला वेग देते. कागद आधी पिवळा पडतो, मग तपकिरी होतो, आणि एके दिवशी घडीवर तुटतो. रंगीत छायाचित्रांचे रंग उष्णतेने अंधारातसुद्धा उडतात. ध्वनिफितीवरचा चुंबकीय लेप ज्या द्रव्याने धरून ठेवलेला असतो, तेही उष्णतेने व दमटपणाने दुबळे होते. म्हणजे या तीन वस्तू वर ठेवणे हे ठेवणे नव्हेच.

आमच्या वडिलांच्या पश्चात गावचे घर विकले गेले, तेव्हा त्यांच्या कागदांची एक ट्रंक आमच्या वाट्यास आली. ते सातारा जिल्ह्यात प्राथमिक शिक्षक होते. ट्रंकेत जमाखर्चाच्या एकोणीस वह्या आहेत, एका स्नेह्याची आंतर्देशीय पत्रे आहेत, आणि आजीने जात्यावरच्या ओव्या म्हटलेल्या दोन कॅसेटी आहेत. ट्रंक निघाली तेव्हा थोरल्या ताईने बजावले, “यातलं काही टाकू नकोस हो. वर ठेव.” दिल्लीत ती उतरली तेव्हा आमच्या मंडळींनी एवढेच म्हटले, “वर ठेवायचं म्हणजे टाकायचंच की, फक्त सावकाश.”

या दोन वाक्यांतच आमच्या मते सारा प्रश्न आला. ताईंची भावना निर्मळ आहे यात शंका नाही. परंतु ‘वर ठेव’ हा शब्दप्रयोग आपल्या घराघरांत ज्या सहजतेने वापरला जातो, ती सहजता तपासून पाहण्याजोगी आहे. राखणे आणि टाकणे या दोन क्रियांना कर्ता लागतो. वर ठेवण्यात कर्ता निसटतो. दहा उन्हाळ्यांनंतर ट्रंक उघडावी, आत चुरा आढळावा आणि आपण हळहळावे. टाकण्याचे काम झालेले असते, पण ते कोणी केले असे विचारल्यास बोट उन्हाकडे दाखविता येते.

आम्ही ज्या चाकरीत आहोत तीत ही सोय नाही. सरकारी फायलींचे तीन वर्ग असतात: कायम राखून सूक्ष्मचित्रण करावयाच्या, सूक्ष्मचित्रणाविना राखावयाच्या, आणि ठराविक वर्षांनी नष्ट करावयाच्या. सचिवालयातील कारभारावर वाचकांपैकी अनेकांनी आयुष्यभर हसून घेतले असेल, आम्हीही हसतो. पण कोणता कागद कोणत्या वर्गात, याखाली कोणाची तरी सही असते. १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याने तर १८९२ पूर्वीचा कागद, तो अगदीच निकामी झालेला नसेल तर, नष्ट करण्याचा अधिकारच काढून घेतला आहे. दुछत्तीवर कोणाचीच सही नसते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून ज्या दप्तरांचा शोध घेत होते, त्यांतली कितीतरी अशा घरांत पडून होती की जेथे कोणी विचारपूर्वक निवड केली असती तर पहिल्याच साफसफाईत ती चुलीत गेली असती. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला तो निवडीच्या नव्हे, तर आळसाच्या पुण्याईवर, असे कोणी म्हटल्यास आम्ही त्याच्याशी भांडणार नाही. तथापि त्या वाड्यांचा कागद हातकागद होता. सहीविना पडून राहण्याची चैन त्याला परवडली. आमच्या वडिलांच्या शाळकरी वह्यांना आणि स्लॅबखालच्या भट्टीला ती परवडणारी नाही.

दुसरा पक्ष अपरिग्रहाचा. वडील गेले, त्यांचा जमाखर्च मिटला, मग वह्यांचा मोह कशाला? हा उपदेश बदलीच्या नोकरीत फार सोयीचा असतो, म्हणूनच तो जपून ऐकावा. (आमच्या श्रेणीस बदलीत १५०० किलो सामान नेता येते, एका ट्रंकेच्या वजनाची सबब तेथे चालत नाही.) शिवाय अपरिग्रह हा आपल्या वस्तूंविषयीचा नियम आहे. ट्रंक आमची नाही. ती निक्षेप आहे, म्हणजे विश्वासाने सोपविलेली ठेव. मनूने अठरा व्यवहारपदांत निक्षेपाला दुसरे स्थान दिले आहे, आणि ठेव चोरांनी नेली, पाण्याने वाहून गेली वा अग्नीने जळाली तर, ठेवून घेणाराने स्वतः तीतून काही घेतलेले नसल्यास, त्याला दोषमुक्त केले आहे. दरवर्षी वैशाखात येणारे ऊन या यादीत आम्हांस कोठे आढळत नाही. पूर अकस्मात येतो. हे ऊन पंचांग पाहून येते.

तेव्हा आम्ही आमच्यापुरते असे केले. कॅसेटींचे संगणकीय मुद्रण करवून एक प्रत ताईंकडे पाठविली. वह्या कापडात बांधून पलंगाखालच्या कप्प्यात ठेवल्या, आणि तेथली आमची पदवी परीक्षेची टिपणे व स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शके दुछत्तीत चढविली. त्यांचे काय व्हावे ते स्लॅबने ठरविण्यास आमची लेखी संमती आहे.

पत्रांचे मात्र अडले आहे. ती वडिलांना आली, पण लिहिली दुसऱ्याने, आणि त्यांत त्या स्नेह्याच्या घरचे दुखणे व कर्ज यांचा मजकूर असल्याचे वरवर चाळतानाच ध्यानात आले. पुढे वाचले नाही. त्यांचे चिरंजीव पुण्यास असतात असे ताई म्हणतात. पत्रे त्यांच्या हाती द्यावीत तर वडिलांपाशी विश्वासाने उघड केलेले गुपित मुलापुढे जाते; न द्यावीत तर दुसऱ्याच्या बापाचे अक्षर आम्ही अडवून ठेवतो. दिवाळीस ताई इकडे येणार आहेत. तोवर तो गठ्ठा टेबलाच्या खणात, आमच्या रोजच्या नजरेसमोर आहे.