विभक्त



कीर्तनात एक वाक्य आपण सगळ्यांनीच ऐकलेले आहे : जो विभक्त नाही तो भक्त. बँकेत असताना चहाच्या वेळी मीही ते सहकाऱ्यांना ऐकवत असे. खरेखोटे कधी तपासले नाही.

निवृत्तीनंतर वेळ मिळाला तेव्हा संस्कृत कोश उघडला, तर दोन्ही शब्द एकाच 'भज्' धातूचे! त्याचा अर्थ भजणे, सेवा करणे हा आहेच, पण वाटून देणे, वाटा मिळणे हाही आहे. भाग, विभाग, भागाकार, व्याकरणातली विभक्ती ही सगळी त्याच घरची मंडळी. इतकेच काय, आपला रोजचा भातसुद्धा 'भक्त' या शब्दावरून आला; संस्कृतात भक्त म्हणजे अन्न, शिजवलेला तांदूळही. म्हणजे वाटणीचे आणि भक्तीचे मुळात वैर नाही. मग 'विभक्त' म्हटले की आपल्याला काही कापून काढल्यासारखे का वाटते?

माझ्या टेबलाशी 'हिंदू अविभक्त कुटुंब' अशा नावाची खाती असत. वाटणी झाली की खाते बंद, रक्कम ज्याची त्याला. डेबिट-क्रेडिट जुळले की माझे काम संपले.

पुढे आमच्याच घरी वाटणी झाली, माझी आणि धाकट्या भावाची. भांडण झाले नाही, हे मुद्दाम सांगतो. यादी मीच केली. भांडी, दागिने, खोल्या, सगळे पैशापर्यंत चोख. देव्हाऱ्यातली दत्ताची तसबीर माझ्याकडे, पादुका त्याच्याकडे. आणि आई सहा-सहा महिने.

एका १ जुलैला आईच्या अंगात ताप होता. तरी मी रिक्षा आणली, तारीख झाली होती ना! तिने मुकाट्याने पिशवी भरली आणि विचारले, "आज एक ना रे?" बाकी काही बोलली नाही. भाऊ दारातच म्हणाला, "दादा, अशा तापात कशाला आणलंस? मीच आलो असतो की तिकडे."

गीतेच्या तेराव्या अध्यायात सांगितले आहे की ते तत्त्व अविभक्तच आहे, भूतमात्रांत ते जणू विभक्त असल्यासारखे राहते. सगळा जीव त्या 'जणू'त आहे. आपल्या दत्तमूर्तीला शिरे तीन, पण धड एकच. घरे दोन झाली म्हणून काही बिघडत नव्हते. यादी करतानाही मी विभक्त झालो नव्हतो. झालो तो त्या रिक्षात. हे भावाला अजून बोलून दाखवलेले नाही. इथे प्रथमच लिहितो आहे.

आई जाऊन बरीच वर्षे झाली. मार्गशीर्ष पौर्णिमेला भाऊ पादुका घेऊन आमच्याकडे येतो आणि तसबिरीपुढे ठेवतो. दोन्ही घरचा सुंठवडा एकाच ताटात कालवतात. त्यात कोणाचा किती, हे मी अजूनही मनात मोजतो. सवय जात नाही.