सुई थांबली, मोटर फिरतेच आहे

शर्टांच्या कारखान्यातली जुनी पॉवर मशीन स्वस्तात मिळाली, म्हणून जळगाव-धुळ्याकडचा एखादा कारागीर ती दुकानात आणतो आणि तिच्यावर सीट कव्हर, दप्तरे शिवायला बसतो. पहिल्याच दिवशी तक्रार सुरू होते: मशीन फार पळते. पेडलवर पाय टेकायचा अवकाश, कापड हातातून ओढले जाते. कोपऱ्यावर चार टाके सावकाश घालू म्हटले तर जमत नाही.

यात दोष मशीनचा नाही. टेबलाखालची अर्ध्या अश्वशक्तीची क्लच मोटर मिनिटाला 2800 च्या आसपास फेरे घेते आणि बटण चालू असेपर्यंत घेतच राहते. पेडल तिला चालू-बंद करत नाही. फिरत्या चाकाला क्लचची चकती भिडवते, एवढेच. कारागीर चहा पीत असतो, सुई निश्चल असते आणि खाली मोटर पुऱ्या वेगाने घरघरत वीज खात असते.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात मिथ्याचारी माणूस भेटतो. हातपाय आवरून बसलेला, मनात मात्र विषय घोळवणारा. क्लच मोटरइतके त्याचे चोख चित्र शोधून सापडणार नाही.

यंत्र आणि वेदान्त यांची शेजारी-शेजारी वस्ती खानदेशाला नवी नाही. अमळनेरला कापड गिरणी चालवणाऱ्या प्रताप शेठांनी 1916 मध्ये तिथेच तत्त्वज्ञान मंदिर काढले. एकीकडे मागांचा खडखडाट, दुसरीकडे अद्वैताचा अभ्यास. बंगालचे कृष्णचंद्र भट्टाचार्य यांच्यासारखे तत्त्वज्ञ तिथे राहून गेले. साने गुरुजी अमळनेरला आले तेही आधी या मंदिरात, मग प्रताप हायस्कुलात. पुढे 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात 21 फेब्रुवारी ते 19 जून, दर रविवारी एक, अशी विनोबांची गीतेवरची अठरा प्रवचने झाली आणि ती लिहून घेतली गुरुजींनीच. चौथ्या अध्यायावर बोलताना विनोबांचा भर होता विकर्मावर. बाहेरच्या कर्माला आतून चित्ताची जोड मिळाली की कर्माचे ओझे वाटेनासे होते, तेच अकर्म.

मोटर आवरायला निघालेला माणूस मात्र बहुधा भलत्याच टोकाकडून सुरुवात करतो. पंख्याचा रेग्युलेटर जोडून पाहतो. विजेचा दाब घटला की या मोटरचे बळही घटते. रेक्झिनच्या चार थरांत सुई अडकते, मोटर तापते, वायंडिंग जळू शकते. निग्रहाने काय होणार, हा गीतेचाच सवाल. इथे उत्तर जळक्या वासासकट मिळते.

जाणता मिस्त्री विजेला हात लावत नाही, पुली बदलतो. मोटरवरची 100 मिलिमीटरची काढून 50 ची बसवली की वेग निम्मा होतो आणि सुईमागचा जोर जवळपास दुप्पट. मध्ये आणखी एक पुल्यांची जोडी घातली तर वेग अजून उतरतो, जोर अजून चढतो. संयम म्हणजे दुबळेपणा, असे मानणाऱ्याने ही पुली एकदा पाहावी.

नवी सर्व्हो मोटर याहून सरळ. पेडल दाबले तर फिरते, सोडले की खरोखर थांबते. कमाल वेग बटणावर ठरवता येतो. तिला अकर्म म्हणून टाकण्याचा मोह होतो, पण तो टाळलेला बरा. विनोबांच्या अकर्मात कर्ता असतो आणि काम त्याच्यात मुरलेले असते. सर्व्होत मुरायला कुणी नाही. चित्त लागायचे ते पेडलवर पाय ठेवणाऱ्याचे.

आणि तो पाय कुणाचा, याने बराच फरक पडतो. यंत्रांचे टीकाकार असलेल्या गांधींनी 1924 मध्ये रामचंद्रन या तरुण विद्यार्थ्याशी बोलताना शिवणयंत्राचा अपवाद केला होता. सिंगरने ते बायकोचे कष्ट पाहून, प्रेमापोटी घडवले, असे त्यांचे म्हणणे. (सिंगरचे खरे चरित्र काही इतके हळवे नव्हते.) गांधींच्या डोळ्यांपुढे घरातली मशीन होती. तयार कपड्यांच्या कारखान्यात नगावर मजुरी घेणाऱ्या बाईचे गणित वेगळे. तिने वेग उतरवला तर संध्याकाळी नग कमी भरतात, मजुरीही कमी. दुकानातला कारागीर पाना घेऊन आपली पुली आपण बदलतो. तिला सर्व्होचा आकडा खाली आणायचा तरी सुपरवायझरला विचारावे लागते.