दुभंगलेला ओठ आणि आरोपी आई

मुक्ताईनगर असो की पुणे, दुभंगलेल्या ओठाचे बाळ जन्मले की पहिला प्रश्न बाळंतिणीला विचारला जातो: ग्रहणात काय चिरलंस? तिला आठवत नसेल तर घरचे आठवून देतात. वांगी, कांदा, झंपराचे कापड, काहीतरी निघतेच. नऊ महिने विळीला हात न लावलेली बाई खान्देशात सापडायची नाही. त्यामुळे पुराव्याची टंचाई कधी पडत नाही.

आरोप तपासू. गर्भाचा चेहरा चौथ्या आठवड्यापासून घडू लागतो. दोन्ही बाजूंनी वाढत आलेले उंचवटे सातव्या-आठव्या आठवड्यापर्यंत जुळून वरचा ओठ तयार होतो. टाळू बाराव्या आठवड्याच्या आसपास मिटतो. हे जुळणे अपुरे राहिले की फट राहते. पाचव्या महिन्यातल्या ग्रहणाने जुळलेला ओठ पुन्हा उसवत नाही. शिवाय चंद्रग्रहण एकाच वेळी जवळजवळ निम्म्या पृथ्वीवरून दिसते. त्या वेळी असंख्य गर्भवती चिरत, कापत, जेवत असतात. वेध हा शब्दही त्यांनी ऐकलेला नसतो. तरी हा दोष जगभर हजार जन्मांमागे साधारण एक-दोन बाळांतच आढळतो.

ग्रहणात मुद्दाम भाजी चिरून दाखवणाऱ्या गर्भवतीच्या धैर्याला दाद द्यावी, पण तिचे बाळ धडधाकट निघाले एवढ्याने काही सिद्ध होत नाही. एका उदाहरणावरून निकाल द्यायची खोड समोरच्यांची. ती आपण कशाला उचलायची?

‘मग खरे कारण तुम्ही सांगा,’ असे आव्हान येते. ते रास्त आहे. संशोधन सांगते की बहुधा अनेक कारणे एकत्र येतात. ‘आयआरएफ-६’ या जनुकातला बिघाड एका आनुवंशिक प्रकाराच्या मुळाशी आहे, हे २००२ मध्ये दिसून आले. तो बिघाड आईकडून जसा येतो तसाच बापाकडूनही. गरोदरपणाआधीपासूनचा मधुमेह, फेफऱ्यावरची व्हॅलप्रोएटसारखी काही औषधे, धूम्रपान यांनी धोका वाढतो. एवढे कळूनही बहुतेक बाळांच्या बाबतीत नेमके कारण डॉक्टरला सांगता येत नाही. इथे रूढीवाले टाळी वाजवतात. पण ‘माहीत नाही’ म्हणणारा डॉक्टर कुणाला गुन्हेगार ठरवत नाही. रूढीला सगळे माहीत असते, आणि तिची आरोपी दरवेळी एकच असते. बापाला ग्रहणात काय केलेस असे कुणी विचारल्याचे ऐकिवात नाही.

ज्या गावाने एदलाबाद हे नाव टाकून मुक्ताईचे नाव घेतले, तिथे तरी हे शोभत नाही. संन्यास सोडून संसारात परतलेल्या बापाचे प्रायश्चित्त मुक्ताईसह चार भावंडांना भोगायला लागले, ही कथा कोथळीच्या देवळात येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तेव्हाच्या धर्ममार्तंडांना आपण नावे ठेवतो आणि घरी येऊन सुनेला तोच न्याय लावतो.

आणखी एक दुटप्पीपणा. प्लास्टिक सर्जरी आमच्या सुश्रुताची, असे भाषणात छातीठोकपणे सांगितले जाते. अभिमान जरूर धरावा. पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने कावसजी नावाच्या गाडीवानाचे कापलेले नाक कपाळाच्या कातडीने घडवले. १७९४ मध्ये ती हकीगत लंडनच्या मासिकात छापून आली आणि ती वाचून तिथले सर्जन शिकले. आम्ही त्या कारागिराचे नावही जपले नाही. वेधाचे तास मात्र मिनिटासह जपले.

‘पाळलं तर बिघडतं काय?’ बरेच बिघडते. पोटुशी बाई तासन्तास उपाशी, तहानलेली राहते. बाळ जन्मले की दोषी ठरलेली आई त्याला पदराआड लपवते आणि वेळ निघून जातो. ओठ साधारण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात शिवतात, टाळू वर्षाच्या आसपास, म्हणजे बोलणे पक्के होण्याआधी. टाळूला उशीर झाला तर मूल गेंगाणे बोलत राहण्याचा धोका वाढतो आणि वाणी-उपचार लांबतात. शाळेतली थट्टा वेगळीच. ओठ शाबूत असून टाळूच फाटलेला असेल तर तो नुसते बघून कळतही नाही. जन्मताच तोंडात बॅटरी मारून पाहावे लागते.

पैशाची सबब फार काळ टिकत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला झाली. दुभंगलेला ओठ-टाळू त्याच्या यादीत आहे. अंगणवाडीत आणि शाळेत तपासणी होते, पुढचे उपचार मोफत. अंगणवाडीत मूल आणायला मात्र आईला तोंड लपवावे लागता कामा नये.

२ ऑगस्ट २०२७ ला दुपारनंतर खान्देशातून खंडग्रास सूर्यग्रहण दिसेल. त्या दिवशी सहाव्या महिन्यात असलेल्या बाईच्या बाळाचा ओठ तोवर केव्हाच घडून झालेला असेल. तिला वेळेवर जेवू द्या. आणि वेधाचे वेळापत्रक तोंडपाठ असलेल्या सासूबाईंनी लग्न झालेल्या मुलीला आणि सुनेला आजच विचारावे: साखर तपासली का, फॉलिक ॲसिड सुरू केले का, फेफऱ्याची गोळी चालू असेल तर ती मनाने बंद न करता डॉक्टरांना विचारून बदलून घेतली का?